किराळ: ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यात सायनाइड येतं कुठून?

पाऊस लांबतो. ज्वारीची ताटं गुडघ्याएवढी होऊन तिथंच थबकतात, दुपारच्या उन्हात पानं सुरळी करतात. कुणाची तरी गाय दावं तोडून त्या रानात शिरते, पंधरा-वीस मिनिटं चरते आणि बांधावर येईपर्यंत कोसळते. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात: ज्वारीचे कोंब खाल्ल्याने जनावरे दगावली. गावात मात्र दोन-तीन तर्क फिरत असतात. कुणी म्हणतं पान लागलं असेल, म्हणजे साप चावला. कुणाला शेजाऱ्याचा संशय. आणि पारावरचा एखादा म्हातारा, रान कुठलं होतं एवढंच विचारून, सांगून टाकतो: किराळ लागली.

किराळ, कुठं किरळ. शब्द जुना आहे आणि बरोबर आहे. आजच्या भाषेत त्याला सायनाइडची विषबाधा म्हणतात. हेच नाव शहरातल्या वाचकाच्या कानावर पडलं की त्याला वेगळीच धास्ती वाटते. 2023 साल जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं, ज्वारीची भाकरी डाएटवाल्यांच्या ताटात आली, आणि आता म्हणे ज्वारीत सायनाइड! दोघांचाही गोंधळ एकाच ठिकाणी सुटतो, म्हणून तिथूनच सुरू करू.

झाडात विष नसतं, विषाचं सामान असतं

पान खाणाऱ्या आजोबांची चंची आठवा. एका कप्प्यात पानं, एकात सुपारी, काताची पुडी वेगळी, चुन्याची डबी वेगळी. चंची वर्षभर खिशात राहिली तरी तिच्यात काही लाल होत नाही. लाल होतं ते तोंडात, दातांखाली सगळं एकत्र चिरडलं गेल्यावर.

ज्वारीचं पान ही अशीच चंची आहे. पानाच्या वरच्या सालीतल्या पेशींमध्ये, त्यांच्या आतल्या पाणथळ पिशवीत, एक द्रव्य साठवलेलं असतं. त्याचं नाव धुरीन. सायनाइडचा एक तुकडा साखरेच्या रेणूला बांधून ठेवलेला असावा, तसं हे द्रव्य. बांधलेलं आहे तोवर निरुपद्रवी. त्याच पानाच्या आतल्या थरातल्या पेशींमध्ये दुसरी चीज असते: हा बांध सोडवणारं विकर, म्हणजे एन्झाइम. दोघांच्या मध्ये पेशींच्या भिंती. जनावरानं पान चावलं की भिंती फुटतात, विकर धुरीनला भेटतं, साखर सुटी होते आणि उरलेल्या भागातून हायड्रोजन सायनाइड नावाचा वायू मोकळा होतो. यालाच जुन्या पुस्तकांत प्रुसिक आम्ल म्हणत.

म्हणजे रानात उभ्या पिकात मोकळं सायनाइड जवळजवळ नसतंच. ते तयार होतं जनावराच्या तोंडात आणि पोटात.

उत्तर भारतात आणि अमेरिकेत थंडीत कडक दव गोठतं तेव्हा हेच काम दातांऐवजी बर्फ करतं. पेशी गोठून फुटतात आणि चंचीतलं सगळं उभ्या झाडातच मिसळतं. म्हणून तिकडे गोठणाऱ्या थंडीनंतर काही दिवस त्या रानात जनावर सोडत नाहीत.

धुरीन हे नाव कुठलं?

अरबी भाषेत या धान्याला धुरा म्हणतात. 1902 साली डन्स्टन आणि हेन्री या ब्रिटिश रसायनतज्ज्ञांनी इजिप्तमधल्या ज्वारीच्या कोवळ्या रोपांतून हे द्रव्य वेगळं काढलं आणि पिकाच्या तिथल्या नावावरूनच त्याचं बारसं केलं. शोध मंगळवेढ्यात लागला असता तर आज जगातल्या प्रयोगशाळांत किराळीन म्हणत असते, असं मला उगाच वाटतं.

झाड हा उद्योग करतं कशासाठी? सरळ कारण राखणीचं. ज्वारीला काटे नाहीत, पळता येत नाही, आणि उगवल्यावर पहिले काही आठवडे ती सगळ्यांनाच गोड लागते. त्या काळात तिनं स्वतःला विषारी करून ठेवलेलं असतं. नुकत्याच उगवलेल्या अंकुराच्या टोकात, पाणी वगळून उरलेल्या वजनाच्या 30 टक्क्यांपर्यंत धुरीन सापडलं आहे. राखणीवर इतका खर्च क्वचितच कुठलं झाड करत असेल.

पण दुसरंही एक कारण आहे, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनं तेच जास्त महत्त्वाचं. धुरीन टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून बनतं आणि त्यात नायट्रोजन असतो. वाढ चालू असताना मुळांनी ओढलेला नायट्रोजन प्रथिनं बनवण्यात खर्ची पडतो. वाढ थांबली की तो नुसता साचतो, आणि ज्वारी तो धुरीनच्या रूपात कणगीत भरून ठेवते. पुढं दिवस बरे आले की मोडून वापरते. राखणदार आणि कणगी, दोन्ही एकच. धोका कधी वाढतो ते या एका गोष्टीवरून ओळखता येतं.

धोक्याचे दिवस कोणते?

पहिले म्हणजे कोवळेपणाचे. दीड-दोन फुटांच्या आतली ज्वारी जनावराच्या तोंडी लागू देऊ नये, हा सगळीकडचा नियम. वय वाढतं तसं धाट जाड होतं, पानांच्या मानानं धाटाचा वाटा वाढतो, आणि धाटात धुरीन पानापेक्षा खूप कमी असतं. पोटरीतून कणीस बाहेर पडेपर्यंत प्रमाण बरंच उतरतं. म्हणून हिरव्या चाऱ्यासाठी ज्वारी 50 टक्के फुलोऱ्यात आल्यावर कापायला सांगतात. चारा लवकर मिळतो म्हणून चाळिसाव्या दिवशीच विळा घातला, तर आपण नेमका नको तो काळ निवडलेला असतो.

दुसरे पाण्याच्या ताणाचे. ताण बसलेलं पीक दिसायला जुनं असतं, साठ दिवसांचं, पण अंगानं पोरच राहिलेलं असतं. वाढ खुंटली, नायट्रोजन साचला, कणगी भरली. इथं दिवस मोजून उपयोग नाही, पिकाकडे बघावं लागतं. पाणी देता येत असेल तर एक-दोन पाळ्या देऊन, पीक पुन्हा वाढीला लागल्यावर आणि उंच झाल्यावरच कापावं.

तिसरे, आणि माझ्या मते सगळ्यांत फसवे, ते ताणानंतरच्या पावसाचे. पाऊस पडला, रान हिरवं झालं, माणूस निर्धास्त झाला. पण त्या हिरवाईत बुडख्यातून निघालेले नवे फुटवे असतात, म्हणजे पुन्हा पहिल्या महिन्यातली ज्वारी. खोडव्याचंही तसंच. पीक काढल्यावर धसकटांना ओल मिळाली की चार बोटांचे लुसलुशीत पोंगे येतात. रान मोकळं झालंय, सोडा गुरं, असं म्हणून आपण दिवसभरची उपाशी जनावरं त्यात घालतो. पोंगे कोवळे, जनावर उपाशी. किराळीच्या बहुतेक गोष्टी अशाच सुरू होतात.

युरियाचा हात सैल असलेल्या रानात आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कमी असलेल्या जमिनीत धोका आणखी वाढतो. कारण तेच: नायट्रोजन भरपूर आला, तो खर्चायला वाढ मात्र पुरेशी नाही.

वाणावाणात फरक असतोच. सुदान गवतात धुरीन ज्वारीपेक्षा कमी, म्हणून ज्वारी आणि सुदान गवताच्या संकरातून काही बहुकापणीचे वाण काढले गेले. त्यांचीही पहिली कापणी साधारण 50 ते 60 दिवसांनी आणि पुढच्या 40 ते 45 दिवसांनी घ्यायची असते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे रुचिरा, फुले अमृता, फुले गोधन हे चाऱ्याचेच वाण आहेत. पण चाऱ्याचं बियाणं म्हणजे कधीही कापा, असा अर्थ कुणी घेऊ नये.

आत गेल्यावर नेमकं काय होतं?

मळणीच्या वेळी बैलांना मुसकं बांधत. पायाखाली कणसांचा ढीग, आणि तोंड मात्र बंद. सायनाइड शरीरातल्या प्रत्येक पेशीला असं मुसकं बांधतं. फुप्फुसं चालू असतात, रक्त प्राणवायू घेऊन पेशीच्या दारात येतं, पण तो वापरणारं पेशीतलं शेवटचं यंत्रच सायनाइडनं जाम केलेलं असतं. जनावर जोरजोरात श्वास घेतं, आणि हवेत असूनही गुदमरतं.

न वापरलेला प्राणवायू रक्तातच राहतो, म्हणून रक्त नेहमीपेक्षा लालभडक दिसतं. हिरड्या, डोळ्यांच्या आतली कड सुरुवातीला तशीच लाल, अगदी शेवटी काळी-निळी पडते. धाप, लाळ, डोळ्यांतून पाणी, अंगाला कंप, अडखळत चालणं, आडवं पडून पाय झाडणं. सगळं इतक्या झपाट्यानं की खाल्ल्यापासून मरण्यापर्यंत कधी कधी तासही जात नाही. पोट उघडल्यावर कडू बदामासारखा वास येतो म्हणतात. पण तो वास सगळ्यांच्याच नाकाला कळत नाही, त्यामुळं वास आला नाही म्हणजे किराळ नाही असं ठरवू नये.

गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांनाच हे जास्त का होतं? त्यांच्या कोठीपोटामुळं. घोड्याच्या किंवा डुकराच्या जठरातलं तीव्र आम्ल त्या विकराला बरंचसं निकामी करतं. रवंथ करणाऱ्यांच्या कोठीपोटात आम्ल कमी, पाणी भरपूर, ऊब कायम, आणि वर तिथले जिवाणूसुद्धा धुरीन फोडायला मदत करतात. घोडाही अशा चाऱ्यावर महिनोन् महिने राहिला तर त्याला मूत्राशयाचा आणि मागच्या पायांचा आजार जडतो, पण तो वेगळा विषय आहे.

किती खाल्लं तर मरतं?

हिशोब ढोबळ आहे, पण करून बघण्यासारखा आहे. जनावराच्या दर किलो वजनामागं साधारण 2 मिलिग्रॅम हायड्रोजन सायनाइड एका दमात पोटात गेलं तर ते जिवावर बेततं. आणि ज्या हिरव्या चाऱ्यात किलोमागं 200 मिलिग्रॅम सायनाइड सुटू शकतं, तो धोक्याचा समजतात. आता 300 किलोची गाय घ्या. तिला 600 मिलिग्रॅम पुरे, म्हणजे असा चारा फक्त 3 किलो. भुकेल्या गाईचं ते पाच-पंचवीस घासांचं काम. 30 किलोच्या शेळीला 300 ग्रॅम. ताण बसलेल्या पोंग्यांत प्रमाण 200 च्या पुष्कळ वर जातं, तेव्हा यापेक्षाही कमी चारा पुरतो.

यात 'एका दमात' हे शब्द महत्त्वाचे. यकृतात एक विकर असतं, ते सायनाइडला गंधक जोडून बऱ्याच सौम्य पदार्थात बदलतं आणि तो लघवीतून निघून जातो. हे काम सतत चालू असतं, पण त्याला वेग ठरलेला आहे. तेवढंच सायनाइड दिवसभरात थोडं थोडं आलं तर गाय पचवते, वीस मिनिटांत आलं तर मरते.

एकाच रानात चार जनावरं चरली, मेलं एकच. मग विष कसलं?

हा प्रश्न हमखास येतो, आणि करणी-बाधेचा संशय याच फटीतून आत शिरतो. उत्तर वरच्या हिशोबातच आहे. चारातली एक दांडगी होती, ती आधी शिरली आणि वरची कोवळी पानं तिनं खुडली. वरच्या पानांत धुरीन सर्वांत जास्त. मागून आलेल्यांना खालची जून पानं आणि धाटं मिळाली. एखादीनं सकाळी कडबा खाल्लेला होता, म्हणून तिनं सावकाश खाल्लं. एकाच रानात पाणथळ कोपरा वेगळा आणि खडकाळ टेकाड वेगळं, हे तर कोणताही शेतकरी जाणतो.

आमच्या आज्यानं जन्मभर हिरवी ज्वारी घातली, कधी काही झालं नाही, हेही खरं असतं. आजा पेंढ्या बांधून, जून झालेली, कडब्याबरोबर थोडी थोडी घालायचा. त्याला धुरीन माहीत नव्हतं, पण पोटरीच्या आत विळा लावायचा नाही हे माहीत होतं. आज दावणीला संकरित गाई आहेत, चारा विकत घ्यावा लागतो, आणि विकणारा पीक केव्हा कापतो ते आपल्या हातात नसतं. म्हणून पेंढीत बोट घालून बघावं: नुसती लुसलुशीत पानंच आहेत, की धाटं आणि निसवलेली कणसंही आहेत?

वाळवली, कुट्टी केली, मुरघास केला, तर?

हायड्रोजन सायनाइड साधारण 26 अंश सेल्सियसला उकळतं, म्हणजे आपल्या हवेत ते उडूनच जातं. चारा कापून उन्हात नीट वाळवला की धोका पुष्कळ कमी होतो. पक्व ज्वारीचा कडबा तर बिनधोक. अर्धवट सुकलेल्या कोवळ्या पेंढ्यांवर मात्र विश्वास ठेवू नये. न फुटलेल्या पेशींतलं धुरीन त्यांत शिल्लक असतं.

मुरघास म्हणजे खड्ड्यात हवाबंद दाबून आंबवलेला हिरवा चारा. त्यात आंबताना आणि खड्डा उघडल्यावर बराच वायू निघून जातो. निदान 45 दिवस मुरू द्यावा आणि काढलेला मुरघास घालण्याआधी थोडा वेळ पसरून ठेवावा.

कुट्टीचं मात्र उलटं होऊ शकतं. यंत्रानं पान चिरलं की चंची तिथंच फुटते. थोडा वायू उडतो खरा, पण ताजी कुट्टी लगेच गव्हाणीत टाकली तर जनावर ती भराभर खातं आणि सायनाइड एकदम पोटात जातं. कोवळ्या ज्वारीवर कुट्टी हा उपाय नाही.

एक वेगळी गोष्ट इथंच सांगायला हवी, कारण दोन्हीची गल्लत होते. ताण बसलेल्या ज्वारीत नायट्रेटही साचतं आणि त्यानंही जनावरं मरतात. ते मुख्यतः धाटाच्या खालच्या भागात असतं आणि वाळवून जात नाही. त्यात रक्त लालभडक होत नाही, चॉकलेटी होतं. औषधही वेगळं, त्यामुळं डॉक्टरला रक्ताचा रंग सांगितला तर त्याचं अर्धं काम होतं.

लागलीच तर?

बाकीची जनावरं आधी रानाबाहेर काढा आणि पशुवैद्यकाला फोन करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक 1962. उपचार आहे आणि वेळेत मिळाला तर कोसळलेलं जनावरही उठतं. शिरेतून दोन औषधं देतात. सोडियम नायट्राइट रक्तातल्या काही लोहाचं रूप असं बदलतं की सायनाइड पेशीतलं यंत्र सोडून त्याला जाऊन चिकटतं. मग सोडियम थायोसल्फेट यकृताला हवं असलेलं गंधक पुरवतं, आणि सायनाइड लघवीवाटे जातं. जुन्या फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये ज्याला हायपो म्हणत, ते हेच. पण नायट्राइटचा डोस चुकला तर रक्त प्राणवायू वाहणंच थांबवतं, म्हणून घरी प्रयोग नको.

गुळाचं पाणी पाजायची रीत आहे. साखर सायनाइडला काही प्रमाणात बांधते, त्यामुळं रीत अगदी निराधार नाही. पण थरथरणाऱ्या, मान टाकलेल्या जनावराच्या घशात बाटली ओतली तर पाणी फुप्फुसात जातं आणि किराळीतून वाचलं असतं तेही दगावतं.

मग भाकरी, हुरडा, मोड आलेली ज्वारी?

भाकरी निर्धास्त खा. पक्व, कोरड्या दाण्यात धुरीन नगण्य असतं, कारण दाणा भरताना झाड स्वतःच ते मोडून त्यातला नायट्रोजन वापरून टाकतं. हुरडाही पिढ्यान् पिढ्या आगटीत भाजून खाल्ला जातो.

पण दाणा भिजून त्याला मोड आला की कारखाना पुन्हा सुरू होतो. मुगाला मोड आणून कच्चे खातात, तसे ज्वारीचे लांब कोंब कच्चे खाणं ही वाईट कल्पना आहे. 100 ग्रॅम ज्वारीपासून वाढवलेल्या कोंबांतून माणसाला घातक ठरेल इतकं सायनाइड सुटू शकतं, हे मोजून झालेलं आहे. आफ्रिकेत ज्वारीचं माल्ट करतात ते वाळवून आणि कोंब-मुळं चोळून काढून.

यात ज्वारी एकटी नाही. उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्या टॅपिओकातही याच जातीचं द्रव्य असतं, पण कंद किसून, धुऊन, गाळून, भाजून साबुदाणा होईपर्यंत ते निघून जातं. जवसातही असतं, आणि आपण जवस भाजूनच चटणी करतो. बांबूच्या कोंबातलं द्रव्य तर धुरीनचा सख्खा भाऊ: अणू तेच, जोडणीत एका ठिकाणी डाव्या-उजव्या हाताइतका फरक. ते कोंब चिरून, पाण्यात ठेवून, उकळून पाणी फेकणाऱ्या बायकांनी हे रसायनशास्त्र कधीच सोडवलेलं आहे.

सायनाइड नसलेली ज्वारीच का काढत नाहीत?

काढली आहे. 2012 साली ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी, बाहेरचा जनुक न घालता, बियाण्यावर रसायनाची प्रक्रिया करून आलेल्या बदलांतून असं झाड निवडलं. धुरीन बनवण्याची पहिलीच पायरी त्यात निकामी झालेली आहे. पानाला कितीही चुरडा, सायनाइड येत नाही. गंमत अशी की ही ज्वारी रोपावस्थेत सामान्य ज्वारीपेक्षा जरा हळू वाढली. कणगी नसलेलं घर सुगीच्या आधी चणचणीत असतं, तसंच काहीसं.

चाऱ्यातून सायनाइड सुटतं का हे बघायची हाताशी असलेली परीक्षा मात्र शंभर वर्षांहून जुनी आहे. 1906 साली गिन्यार या फ्रेंच शास्त्रज्ञानं सांगितलेली: सोडियम पिक्रेटमध्ये बुडवून वाळवलेला पिवळा कागद. चिरलेली पानं काचेच्या नळीत घालायची, कागद पानांना न टेकता वर लोंबकळत ठेवायचा, बूच लावायचं आणि थांबायचं. सायनाइड सुटत असेल तर कागद पिवळ्याचा विटकरी लाल होतो. जितका लवकर आणि जितका गडद, तितकं त्या रानापासून जनावर लांब बांधायचं.